अठरा मिलिमीटरचं कडं

ओरिन टॅकेटला रसायनशास्त्राकडे कुणी ढकललं असेल तर त्याच्या बापाच्या फुप्फुसांनी. बाप इलिनॉयच्या दक्षिणेकडच्या खाणीत कोळसा खणायचा. आयुष्यभर खणला तो, आणि त्यातला निम्मा बहुतेक छातीतच साठवला. मग त्या पोखरलेल्या छातीत बुरशीनं बिऱ्हाड केलं. बुरशी मारायला जे औषध दिलं, त्यानं मूत्रपिंडं नेली. डॉक्टर आईला म्हणाला, ‘बुरशी आटोक्यात आली होती हो,’ आणि हे जणू मोठं समाधान असल्यासारखं म्हणाला. त्या माणसाच्या कानाखाली जाळ काढावा असं ओरिनला वाटलं होतं. पण तो शहाणा मुलगा, त्यानं अभ्यास केला. बुरशीला मारील आणि माणसाला सोडील असं काहीतरी बनवायचं, एवढं एकच खूळ डोक्यात घेऊन तो उत्तरेकडच्या विद्यापीठात प्रोफेसर हेवरकॅम्पच्या लॅबमध्ये दाखल झाला.

हेवरकॅम्पची लॅब म्हणजे ठोकळ्यांची लॅब. पूर्वी एकेक रेणू बनवायला एकेका माणसाची उमेद खर्ची पडायची. प्रत्येक रेणूची तऱ्हा निराळी, रुसवेफुगवे निराळे. हेवरकॅम्प म्हणायचा, हे लाड पुरे. रेणूचे छोटे तुकडे, ठोकळे बनवा, बाटल्यांत भरून ठेवा आणि हवे तसे जोडा. प्रत्येक ठोकळ्याला दोन तोंडं. एक मोकळं, दुसऱ्याला मुसकं बांधलेलं, मळणीच्या बैलाला बांधतात तसं. मोकळ्या तोंडानं ठोकळा आधीच्याला धरतो, मग त्याचं मुसकं काढायचं, की पुढचा त्याला धरतो. मुसकं आहे म्हणून कुणी भलत्यालाच चिकटत नाही. आणि त्या मुसक्यामुळेच माल एका नळीतल्या पांढऱ्या भुकटीत अडकून राहतो. बाकीची घाण धुऊन काढायची आणि मग दुसऱ्या द्रावणानं माल सोडवून घ्यायचा. हे सगळं करायला एक यंत्र होतं. त्याला सगळे ‘आजी’ म्हणायचे, कारण ते खोकत-कण्हत का होईना पण सांगितलेलं काम करायचं, आणि कुणी मध्ये हात घातला की हटून बसायचं.

आता अशा कामात खरी मदार ठोकळ्यांवर. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव असायचं आणि त्या नावावर बाकीचे डोळे मिटून चालायचे. नवा ठोकळा पहिल्यांदा बनला की त्याच्या सगळ्या तपासण्या व्हायच्या. तोच पुन्हा बनवला तर फक्त रेघांच्या मशिनीवर घालायचा, ती रेणूच्या घडणीप्रमाणे कागदावर रेघा काढते. जुन्या रेघांवर नव्या रेघा बसल्या की झालं. बाटली संपत आली की तळाशी एक चिमूट ठेवायची आणि ती मागच्या फ्रीझरमध्ये टाकायची, पुढेमागे शंका आली तर असावी म्हणून. शंका कुणाला कधी आली नव्हती. त्या फ्रीझरला पोरं ‘स्मशान’ म्हणत.

आणि सगळ्यांत भरवशाचं नाव डॅग्नी टोलेफसनचं. मिनेसोटाची, उंच, तोडून बोलणारी. तिचे ठोकळे म्हणजे साखरेसारखे शुभ्र. ‘डॅग्नीचा आहे ना? मग घाल आजीच्या पोटात,’ असं लॅबमध्ये म्हणायचे.

तिनं दुसऱ्यांदा बनवलेल्या एका ठोकळ्यावर ओरिननं आपला सत्तेचाळिसावा रेणू उभा केला. आधीचे सगळे फुकट गेले होते. सत्तेचाळीसचे जेमतेम काही कण हाती आले, ते घेऊन तो तळघरात गेला. तिथे बुरशीची खोली. चार भिंती, एक दार, छताला घरघरणारा पंखा. वर ऊन आहे की बर्फ, आत कळायला मार्ग नाही. बुरशीची पूड उडते म्हणून फोन दाराबाहेर ठेवायचा, आणि मोजून झालेल्या प्लेट लगेच वाफेच्या भट्टीत टाकायच्या, हा नियम. प्लेटवर बुरशी पेरायची, मधोमध रेणूचा थेंब टाकायचा. रेणूत दम असेल तर थेंबाभोवती स्वच्छ कडं पडतं, बुरशी तिथे पाय ठेवत नाही.

कडं पडलं होतं. ओरिन जिने चढून धापा टाकत वर आला.

“डॅग्नी! अठरा!”

“काय अठरा? ताप?”

“मिलिमीटर, अगं! सत्तेचाळीसनं कडं सोडलंय. आत एक तंतू नाही!”

“बुरशी पेरायला विसरला असशील.”

“मग कडेनं काय उगवलंय, तुझ्या आजीच्या केकवरचं क्रीम?”

ती हसली. डॅग्नी हसली म्हणजे लॅबला सुट्टी द्यायला हरकत नव्हती. ओरिननं पुन्हा केलं, पुन्हा अठरा. तिसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच. माणसाच्या पेशींवर टाकून पाहिलं, तर त्या ढिम्म, त्यांना काही झालंच नाही. त्या दिवशी त्यानं आईला फोन केला. बोलता येईना. आई घाबरून विचारत राहिली, “कुणी गेलं का रे?” आणि तो म्हणाला, “नाही, मॉम. उलट.”

तो आनंद काही टिकला नाही. तपासण्यांत माल संपला. हेवरकॅम्प म्हणाला, भरपूर बनवा, बाहेरच्या लॅबना तपासायला पाठवू. डॅग्नीची बाटली रिकामी झाली होती, तिनं नवा ठोकळा बनवून दिला. ओरिननं तो आजीच्या पोटात घातला, सत्तेचाळीस बाहेर आला, बाहेरगावी गेला. तिकडून उत्तर आलं, कडं नाही. ओरिन तळघरात धावला. कडं नाही. पुन्हा बनवला. नाही. बुरशी अशी मजेत पसरली होती की थेंबावरसुद्धा चढून बसली होती.

मग जे व्हायचं ते झालं. आधी द्रावणावर संशय, मग यंत्रातून निघालेल्या धातूच्या अंशावर संशय. शेवटी ठोकळ्यावर. स्मशानातून जुनी चिमूट काढली, रेघांच्या मशिनीवर घातली. जुन्या रेघा आणि नव्या रेघा एकमेकींवर तंतोतंत. डॅग्नीला चौकशीला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, “माझ्या ठोकळ्यात चूक नाही.” तिला खरंच तसं वाटत होतं, आणि खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. म्हणूनच तर ते वाक्य ओरिनला भोवलं. सगळं तपासून झाल्यावर मग उरलं कोण? ज्यानं एकट्यानं खाली जाऊन कडी मोजली तो.

“प्लेट कुठे आहेत?”

“भट्टीत टाकल्या. नियमच आहे.”

“फोटो?”

“खाली फोन नेत नाहीत.”

“तुझ्याबरोबर कोण होतं?”

“कुणी नव्हतं.”

हा शेवटचा प्रश्न त्याला किती तऱ्हांनी विचारला म्हणून सांगू! गोड बोलून विचारला, दरडावून विचारला, कॉफी पुढे सरकवून विचारला. माणूस चोर नसला तरी इतक्यांदा विचारल्यावर स्वतःचे खिसे चाचपायला लागतो.

शेवटी हेवरकॅम्पनं त्याला आपल्या खोलीत बसवलं, दार लावलं. हा दुष्ट माणूस नव्हता, हीच पंचाईत. दुष्ट असता तर ओरिन भांडला असता.

“हे बघ ओरिन, प्रकरण वर गेलं तर तुझं नाव सगळीकडे होईल. आत्ता कबूल केलंस तर डॉक्टरेटऐवजी छोटी पदवी घेऊन शांतपणे जाशील. बाप गमावलेल्या मुलावर किती ताण असतो, मला कळतं रे.”

“मी काही केलं नाही, प्रोफेसर.”

“मग अठरा आले कुठून? तूच सांग. मी ऐकतो.”

ओरिनला सांगता येईना. त्याला खरंच माहीत नव्हतं. आणि माहीत नाही हे उत्तर तिथे चालत नव्हतं. आठवडाभर अशा बैठकी झाल्यावर त्यानं हात टेकले. पण नुसतं ‘खोटं लिहिलं’ चालेना, कसं लिहिलं तेही पाहिजे, असं चौकशीवाले म्हणाले. त्यानं मनानं रचलं: कडं आठचंच होतं, तेही अंधूक, आठाच्या आधी इंग्रजी एकाची काठी ओढली, अठरा केले. ‘बाकीच्या वेळी?’ बाकीच्या वेळी मोजलंच नाही, तोच आकडा उतरवला. खाली सही केली.

आई फोनवर म्हणाली, “बाळा, तू केलंयस का हे?”

“नाही, मॉम.”

“मग सही कशाला केलीस रे?”

त्यानं फोन ठेवला आणि सामान बांधायला घेतलं.

गावी परतल्यावर त्याला धान्याच्या कोठारावर काम मिळालं. मक्याचा ट्रक आला की वरून लांब नळी खुपसायची, नमुना काढायचा, ओलावा बघायचा, जांभळ्या दिव्याखाली धरून बुरशी बघायची. बुरशी काही त्याची पाठ सोडायला तयार नव्हती. कोठाराचा मुकादम हार्लन, ओरिनच्या बापाबरोबर खाणीत होता. तो फारसं विचारायचा नाही. पण गाव विचारायचंच. चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर, आई काम करायची त्या शाळेच्या स्वयंपाकघरात. “काय रे, तिकडे काहीतरी लफडं झालं म्हणे?” पहिल्यांदा ओरिन सगळं समजावून सांगायचा. ठोकळे, मुसकं, कडं. लोक ऐकता ऐकता जांभया द्यायचे आणि वर म्हणायचे, “म्हणजे केलंस की नाही?” मग समजावण्याचा कंटाळा आला. तो म्हणायला लागला, “केलं. आकडा बदलला.” हे लोकांना चटकन कळायचं. पाठीवर थाप मारायचे. “होतं रे असं. माणूस आहे,” म्हणायचे. खरं बोलत होता तेव्हा कुणी थाप मारली नव्हती.

तर असं बोलत गेला आणि एक दिवस, आईनं वाढलेले बीन्स खाताना, त्याला ती काठी दिसली. आठाच्या आधी ओढलेली, जरा तिरकी. चमचा हातात तसाच राहिला. मग हळूहळू पेन दिसायला लागलं, निळं, टोपण चावलेलं. मग खुर्ची, आणि खिडकी. बाहेर पाऊस लागलाय, काचेवरून पाण्याचे ओघळ चाललेत, आणि आपण त्या खिडकीशी बसून मान खाली घालून काठी ओढतोय. अगदी लख्ख. आपणच केलं तर! इतके दिवस उगाच स्वतःला फसवत होतो. त्याला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. जे घडलं त्याला निदान कारण सापडलं होतं.

त्यानंतर तो ओलाव्याचा आकडा स्वतः वाचेनासा झाला. नमुना मशिनीत घालायचा आणि हाक मारायचा, “हार्लन, आकडा तू वाच.” हार्लन आधी वैतागला. “डोळे फुटले का तुझे?” मग गप्प येऊन वाचायला लागला.

मक्याची काढणी जोरात होती, ट्रकची रांग हमरस्त्यापर्यंत गेली होती, तेव्हा डॅग्नी आली. वजनकाट्याच्या शेडमध्ये, हातात सहलीला नेतात तसला बर्फाचा डबा. तिचं तोंड ओढलेलं होतं. भर दुपारी ती एवढं अंतर कापून येते म्हणजे काहीतरी भयंकर असणार हे ओरिनला कळलं.

“बस,” तो म्हणाला. “कॉफी आहे. वाईट आहे, पण आहे.”

ती बसली नाही. “ओरिन, तू काही केलं नव्हतंस.”

त्यानं तिच्यासाठी कॉफी ओतली.

“मला नोकरी लागलीय, लॅब सोडतेय, म्हणून माझं शेल्फ आवरत होते. कच्च्या मालाच्या दोन बाटल्या असतात ना, उजव्या हाताची आणि डाव्या हाताची? डावी आपल्याला कुणालाच लागत नाही. सीलबंद असायला पाहिजे. ती फोडलेली होती. निम्मी संपलेली. त्या शेल्फला दुसरं कुणी हात लावत नाही.” तिनं टेबलावरचे त्याचे कातडी हातमोजे उचलले आणि शेजारी शेजारी ठेवले. “हे बघ. दोन्हींची शिवण तीच, बोटं तेवढीच, वजन तेच. रेघांच्या मशिनीला दोन्ही सारखेच. पण डावा उजव्या हातात जाईल का?”

“मला शिकवू नकोस, डॅग्नी. मी ते शिकलोय.”

“आपण सगळेच शिकलोय! हेवरकॅम्पसुद्धा शिकलाय! आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही!” तिचा आवाज चिरकला. “मी स्मशानातली ती चिमूट प्रकाशाच्या नळीत घातली, आतून जाणारा प्रकाश कुठल्या हाताला वळतो ते बघायला. प्रकाश उलटा वळला. तुझ्या पहिल्या बाटलीत डावा ठोकळा होता. मी भरला होता, माझ्या या हातांनी. नंतरच्या बाटलीत बरोबर भरला, म्हणून कडं गेलं. तुझा खरा सत्तेचाळीस डाव्या हाताचा होता, ओरिन. आणि मी तिथे सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्या ठोकळ्यात चूक नाही.”

ती रडायला लागली. डॅग्नीला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. तिला ते नीट जमतही नव्हतं. ओरिननं आपला रुमाल पुढे केला, त्याला मक्याचा भुस्सा लागलेला होता.

मग तिनं डबा उघडला. टेपनं गच्च बंद केलेली प्लेट बाहेर काढून त्याच्यासमोर धरली. “बाहेर न्यायची नसते, माहितीये. पण तू बघायलाच पाहिजे होतंस. डावा सत्तेचाळीस. मी नव्यानं बनवलाय.”

राखाडी-हिरवी बुरशी काठोकाठ माजली होती, आणि मधोमध स्वच्छ कडं. मोजायची गरज नव्हती. ओरिनचे डोळे ते माप ओळखत होते. बाप आठवला, जिने चढतानाची धाप आठवली, ‘उलट’ म्हणून आईला केलेला फोन आठवला. हात पुढे गेला. मग थांबला.

“कुणी पेरली ही?”

“मी.”

“कडं कुणी मोजलं?”

“मीच. का?”

“तुझ्याबरोबर कोण होतं?”

“कुणी नव्हतं. ओरिन, ऐक. मी हेवरकॅम्पकडे गेले होते. तो म्हणतो, ज्यानं स्वतः कबूल केलं त्याला मी कसा सोडवू? त्यानं येऊन म्हणावं, मी केलं नव्हतं, मग प्रकरण उघडू. तुझ्या तोंडून पाहिजे. एवढं एकच वाक्य. गाडी बाहेर आहे. तुझं नाव परत मिळेल, तुझी पदवी मिळेल. आणि तो रेणू तुझा आहे रे. तुझ्या डॅडींसाठी केला होतास ना?”

ओरिननं प्लेट अलगद परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

“चांगली पोरगी आहेस तू,” तो म्हणाला. “पण हे कुणाला दाखवू नकोस. तुलाही तेच विचारतील. मला वाईट वाटू नये म्हणून केलंस, कळतंय मला. कसं करतात ते मला माहितीये. मी केलेलं आहे.”

“काय केलंयस तू?”

“काठी ओढली. आठाच्या आधी.”

“ते तू त्यांच्यासाठी रचलं होतंस! तेव्हा मला स्वतः सांगितलंस, जिन्यात!”

“तेव्हा मला आठवत नव्हतं. आता आठवतं.” तो शांतपणे, समजूत घातल्यासारखा बोलत होता. “निळं पेन होतं. मी खिडकीशी बसलो होतो, बाहेर पाऊस होता, काचेवरून ओघळ चालले होते. ते बघत बघत मी काठी ओढली.”

“कुठल्या खिडकीशी?”

“खालच्या. बुरशीच्या खोलीतल्या.”

डॅग्नी हळूच, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “ओरिन, त्या खोलीला खिडकी नाहीये. तळघर आहे ते. भिंतीपलीकडे माती आहे.”

बाहेर एका ट्रकनं भोंगा वाजवला. ओरिननं डोळे मिटले. खोली आठवून पाहिली. दार होतं. पंखा होता. आणि खिडकी होती, तिच्यावरचं पाणी होतं, तो हात होता. बाकी सगळं त्या खिडकीला धरून उभं होतं. ती नाही म्हणावं तर मग उरतं काय? आपण काहीच केलं नव्हतं, आणि तरी सही केली. आईनं विचारलं होतं, कशाला केलीस, त्या प्रश्नापाशी पुन्हा जाऊन उभं राहायचं, आणि या खेपेला उत्तर द्यायचं. त्याला ते झेपेना.

“मग नंतर बुजवली असेल,” तो म्हणाला.

भोंगा पुन्हा वाजला. ओरिननं टेबलावरून दोन्ही हातमोजे उचलले, चढवले आणि बाहेर गेला. डॅग्नी दारातून बघत होती. त्यानं शिडी चढून नळी मक्यात खुपसली, नमुना काढला, मशिनीत ओतला. काचेवर आकडा उमटला. त्यानं मान दुसरीकडे फिरवली.

“हार्लन,” त्यानं हाक मारली, “आकडा तू वाच.”